फाईल कोणाची, वकिलाची की अशिलाची? भोपाळच्या बँकेचं एक जुनं प्रकरण

वकिली करणाऱ्या कुणालाही विचारा, महिन्यातून एकदा तरी असा माणूस ऑफिसात येतोच. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दोन समन्स, एक फाटकी नोटीस आणि तारखा लिहिलेल्या चिठ्ठ्या. "साहेब, केस तुमच्याकडे द्यायची आहे." कागद कुठे आहेत विचारलं की मान खाली. "आधीच्या वकीलसाहेबांकडं. देत नाहीत. म्हणतात आधी बाकी क्लिअर करा."

यावर सुप्रीम कोर्टाने २००० सालीच स्पष्ट निकाल दिलाय, आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा. लॉ कॉलेजात प्रोफेशनल एथिक्सच्या पेपरला सगळे हे नाव पाठ करतात, 'वकिलाला फाईलवर लीन (फीसाठी अडवून ठेवायचा हक्क) नाही' असं एक वाक्य लिहितात, मार्क घेतात आणि सनद मिळाल्यावर विसरतात. म्हणून म्हटलं एकदा नीट, सुरुवातीपासून लिहावं, कारण या केसमध्ये त्या एका वाक्यापेक्षा बरंच काही आहे आणि खरं सांगायचं तर सक्सेना वकिलांची बाजू पण वाटते तितकी पोकळ नव्हती.

तर झालं असं. मध्य प्रदेश स्टेट को-ऑपरेटिव्ह बँकेने १९९० मध्ये सक्सेनांना लीगल अ‍ॅडव्हायजर म्हणून नेमलं. सल्ला द्यायचा आणि बँकेच्या केसेस पण चालवायच्या. सहकारी बँक म्हटलं की वसुलीच्या आणि कसल्या कसल्या केसेस ढिगाने असतात, हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तीनेक वर्षं हे चाललं आणि मग १७ जुलै १९९३ ला बँकेने त्यांची नेमणूक संपवली आणि सांगितलं की आमच्या सगळ्या केसेसच्या फायली परत करा. सक्सेनांनी फायली काही पाठवल्या नाहीत, पाठवलं ते बिल. एकत्रित बिल, बाकी रक्कम ९७,१०० रुपये. आणि सोबत निरोप, की पैसे द्या, फायली लगेच मिळतील.

९७ हजार ही १९९३ सालची रक्कम आहे हे लक्षात घ्या, आजच्या हिशोबाने वाचू नका.

बँक म्हणाली आम्ही तुमचं काहीच देणं लागत नाही. मग पत्रव्यवहार सुरू झाला, तुम्ही काय म्हणता आम्ही काय म्हणतो, आणि तो कुठेच पोचला नाही. या सगळ्यात फायली सक्सेनांच्या कपाटात आणि केसेस कोर्टात चालूच. कोर्टाला काय, तारीख पडते, पुकारा होतो, तुमच्याकडे कागद नाहीत हा कोर्टाचा प्रॉब्लेम नसतो. शेवटी ३ फेब्रुवारी १९९४ ला बँकेच्या मॅनेजिंग डायरेक्टरने मध्य प्रदेशच्या बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, तक्रार टाकली, की फायली परत न करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे.

सक्सेनांनी उत्तरात काहीच लपवलं नाही, आणि मला या केसमधली ही गोष्ट आवडते. फायली मिळाल्याच नाहीत, हरवल्या, कारकुनाकडे होत्या, असली नेहमीची कारणं नाहीत. सरळ सांगितलं की हो, फायली माझ्याकडेच आहेत, मी दिल्या नाहीत, कारण माझी फी बाकी आहे आणि तोपर्यंत त्या ठेवून घ्यायचा मला कायद्याने हक्क आहे. म्हणजे वस्तुस्थितीवर भांडणच नव्हतं. प्रश्न एकच उरला, की असा हक्क आहे का?

आता मधे थोडं थांबून हा हक्क म्हणजे काय ते बघू, नाहीतर पुढचं कळणार नाही. लीन म्हणजे दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात आहे आणि त्याच्याकडून आपलं येणं आहे, तर येणं मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा अधिकार. घड्याळजीकडे घड्याळ दुरुस्तीला टाकलं आणि मजुरी दिली नाही तर तो घड्याळ ठेवून घेऊ शकतो, कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट १८७२ चं कलम १७० त्याच्या बाजूने आहे. त्याच्या पुढचं कलम १७१ अजून मोठं आहे, तिथे नुसतं त्या एका कामाचं नाही तर सगळ्या हिशोबाच्या बाकीसाठी माल अडवता येतो, पण हा हक्क सगळ्यांना नाही, मोजक्या लोकांना. बँकर, मालाचे अडते, बंदरावरचे धक्केवाले, विमा पॉलिसीचे दलाल आणि, हे महत्त्वाचं, 'हायकोर्टाचे अ‍ॅटर्नी'.

हे अ‍ॅटर्नी कोण? मुंबईकरांना हे पटकन कळेल. मुंबई आणि कलकत्ता हायकोर्टाच्या ओरिजिनल साईडला (थेट हायकोर्टातच दाखल होणाऱ्या दाव्यांच्या विभागात) जुनी दुहेरी पद्धत होती, सॉलिसिटर म्हणजे अ‍ॅटर्नी अशिलाला भेटणार, कागद तयार करणार, आणि उभा राहून युक्तिवाद करणार तो अ‍ॅडव्होकेट वेगळा. विलायतेतून आलेली पद्धत. तिकडे सॉलिसिटरला अशिलाच्या कागदांवर लीन असतो ही जुनी मान्य गोष्ट, तीच १८७२ च्या कायद्यात येऊन बसली. १९७६ च्या दुरुस्तीने अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमधून ही अ‍ॅटर्नी नावाची वेगळी जात संपली, फोर्टातल्या फर्मवाल्यांच्या तोंडी सॉलिसिटर शब्द अजून आहे आणि त्याची परीक्षा पण अजून होते, पण कायद्याच्या दृष्टीने आता सगळे अ‍ॅडव्होकेटच. पण कलम १७१ मधला शब्द तसाच राहिला. आणि पिढ्यानपिढ्या बाररूममध्ये समज पसरला की वकिलाला फाईल ठेवता येते, कायद्यात आहे. १९३२ मध्ये मद्रास हायकोर्टाने तसा स्पष्ट करार नसेल तर अ‍ॅडव्होकेटला लीन नाही असं म्हटलं होतं, पण उलट बाजूला झुकणारी मतं पण होती आणि सुप्रीम कोर्ट मात्र या विषयावर तोपर्यंत काहीच बोललेलं नव्हतं. म्हणून म्हटलं, सक्सेनांची बाजू अगदीच पोकळ नव्हती.

परत केसकडे. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३६-बी प्रमाणे राज्य बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीने तक्रार एक वर्षात निकाली काढायची असते, नाही काढली तर ती आपोआप बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. मध्य प्रदेशात वर्ष उलटून गेलं, काही झालं नाही, प्रकरण दिल्लीला गेलं. तिथल्या समितीने चौकशी करून सक्सेनांना दोषी धरलं, १८ महिने प्रॅक्टिस बंद, १,००० रुपये दंड आणि सगळ्या फायली विनाविलंब परत करायच्या. (जाता जाता, कलम ३५ वाचलं तर त्यात दोषी वकिलाला द्यायच्या शिक्षा तीनच दिसतात, ताकीद, काही काळ निलंबन आणि यादीतून नाव काढणं. हजाराचा दंड त्यांनी कशाच्या आधारावर लावला हे मला आजही नीट समजलेलं नाही. असो.) कलम ३८ खाली सक्सेना सुप्रीम कोर्टात आले आणि २२ ऑगस्ट २००० ला न्यायमूर्ती के. टी. थॉमस आणि न्यायमूर्ती आर. पी. सेठी यांच्या बेंचने निकाल दिला.

कोर्टाने आधी कलम १७१ चा मुद्दा घेतला. लीन चालतो तो बेलमेंटने (काम झालं की परत घ्यायची म्हणून वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणं) दिलेल्या मालावर, आणि माल म्हणजे ज्याला बाजारात काही किंमत आहे, जो विकून पैसे करता येतात. केसची फाईल हा माल आहे का? दाव्याची प्रत, कैफियत, पुराव्याच्या झेरॉक्स, वकिलाने मार्जिनमध्ये पेन्सिलने लिहिलेलं, हे कोण विकत घेणार? रद्दीवाला किलोवर घेईल फार तर. तेव्हा फाईल म्हणजे माल नाही, ती वकिलाकडे देणं म्हणजे त्या अर्थाने बेलमेंट नाही, आणि कलम १७१ इथे लागतच नाही.

मला विचाराल तर हे कायद्याच्या शब्दाचं उत्तर झालं, बरोबरच आहे, पण खरी गंमत त्याच्या पोटात आहे. घड्याळ अडवलं तर घड्याळजीच्या हातात खरोखर काहीतरी तारण असतं, कारण घड्याळाला घड्याळ म्हणून किंमत आहे. फाईल अडवली तर वकिलाच्या हातात काय असतं? त्याला स्वतःला तिचा शून्य उपयोग. तिची किंमत फक्त एका माणसाला, त्या अशिलाला, आणि ती पण फक्त पुढच्या तारखेपर्यंत. तारीख जितकी जवळ तितका दबाव जास्त. म्हणजे फाईल कधी तारण होऊच शकत नाही, ती होते फक्त ओलीस. आणि ओलीस ठेवलेली वस्तू कुणाची? ज्याची बाजू सांभाळायची म्हणून आपण वकीलपत्रावर सही केली त्याचीच.

कोर्टाचा दुसरा धागा हाच आहे, फक्त त्यांच्या भाषेत. अशिलाला वकील बदलायचा पूर्ण हक्क आहे, कारण कुठलंही असो, वकील सक्षम वाटत नाही, वागणूक पटत नाही, काहीही. हा हक्क कागदावर असून काय उपयोग जर फाईलच मिळणार नसेल. तेव्हा फाईल परत करणं हे वकिलाचं कर्तव्य आणि ती परत मिळणं हा अशिलाचा हक्क, एकाच नाण्याच्या दोन बाजू. फी मागायचा हक्क कोणी काढून घेतलेला नाही, त्यासाठी वेगळे कायदेशीर मार्ग आहेत, पण कोर्टात चालू असलेली केस ही वकिलाच्या फीपेक्षा मोठी गोष्ट आहे. आणि आपल्याकडे तर अशिलांत शिक्षण नसलेले खूप, तेव्हा असा लीन दिला तर त्याचा गैरवापर आणि पिळवणूकच होणार, हे पण कोर्टाने बोलून दाखवलं. विलायतेत चालतं म्हणून इथे चालेल असं नाही.

बार कौन्सिलचे नियम पण बघितले गेले. नियम २८ आणि २९ मध्ये एवढंच आहे की केस संपल्यावर अशिलाचे जे पैसे वकिलाकडे शिल्लक असतील त्यातून ठरलेली फी वळती करता येते, फी ठरलेलीच नसेल तर कोर्टाच्या नियमाप्रमाणे होते तेवढी कापून बाकीचे परत द्यायचे. म्हणजे सवलत आहे ती पैशातून, कागदातून नाही.

मग गैरवर्तन झालं का? झालं. ९७,१०० चं बिल बरोबर होतं की फुगवलेलं होतं या भानगडीत कोर्ट पडलंच नाही, आणि हे नीट समजून घ्या, कारण आपले बरेच मित्र म्हणतात की "पण माझी फी खरंच बाकी होती". असू दे ना. पूर्ण खरी असली तरी फाईल अडवणं गैरवर्तनच.

शिक्षेचं काय झालं ते जास्त इंटरेस्टिंग आहे. १८ महिन्यांचं निलंबन काढून टाकलं आणि फक्त ताकीद दिली. कारण असं दिलं की या प्रश्नावर आत्तापर्यंत सुप्रीम कोर्टाचा निकाल नव्हता, आपल्या काही हायकोर्टांच्या निकालांत लीनच्या बाजूने मतं होती, तेव्हा या वकिलाने प्रामाणिकपणे आपल्याला हक्क आहे असं समजून हे केलं असेल. पण लगेच पुढे सांगून ठेवलं की यापुढे कोणी असं केलं तर बार कौन्सिल ठरवेल ती शिक्षा, आणि आज दिलेली ही हलकी शिक्षा दाखला म्हणून दाखवायची नाही. थोडक्यात 'माहीत नव्हतं' हे कूपन एकदाच वापरायचं होतं, ते सक्सेनांनी वापरलं. पुढे २००४ मध्ये रिपोर्ट झालेल्या न्यू इंडिया अ‍ॅशुरन्स विरुद्ध ए. के. सक्सेना या दुसऱ्या केसमध्ये (आडनाव सारखं, माणूस वेगळा, परीक्षेत पोरं गोंधळतात) कोर्टाने हाच निकाल पुढे चालवला.

माझं मत सांगतो. निकाल बरोबर आहे, पण या प्रकरणातली मला खटकणारी गोष्ट दुसरीच आहे. तक्रार करणारी बँक होती. बँकेकडे दुसरा वकील लावायला पैसे होते, पत्रव्यवहार करायला स्टाफ होता, १९९३ ते २००० अशी सात वर्षं भोपाळ ते दिल्ली जायची ताकद होती. वाटपाचा दावा घेऊन बसलेल्या म्हातारीकडे यातलं काय आहे? तिच्यासाठी बार कौन्सिल म्हणजे मुंबईला कुठेतरी असलेलं ऑफिस. आणि तक्रार केलीच तर गावातला दुसरा वकील तिची केस घ्यायला कचरणार, कारण रोज त्याच बाररूममध्ये चहा प्यायचाय. ग्राहक मंचाचा एक रस्ता होता, २००७ मध्ये राष्ट्रीय आयोगाने वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात धरली होती, पण १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी मध्ये तो बंद केला. आम्हा वकिलांना त्या दिवशी बरं वाटलं, मला पण वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मग उरलेल्या एका दारावर, बार कौन्सिलच्या, वर्षाच्या आत निकाल लागायला हवा की नको?

दुसरी बाजू पण मांडतो, नाहीतर जुनिअर मंडळी चिडतील. फी बुडते. खूप बुडते. केस जिंकायच्या आधी वकील देव असतो आणि स्टे मिळाला की फोन उचलत नाहीत, आणि संस्थांची बिलं तर ऑडिटच्या नावाखाली वर्षानुवर्षं लोंबकळतात. पण फी बुडू नये म्हणून करायचं ते सुरुवातीला करायचं असतं, फी किती आणि कधी ते लिहून घ्यायचं, टप्प्याने घ्यायची, पावती द्यायची, आणि बुडलीच तर नोटीस देऊन वसुलीचा दावा टाकायचा. स्वतःच्या फीसाठी दावा टाकायला वकिलाला लाज वाटते, फाईल दाबून ठेवायला वाटत नाही, हे मला कधी कळलं नाही.

आणि नव्या वकिलाचं काय, जो मधे सापडतो? बार कौन्सिलचाच नियम ३९ सांगतो की आधीच्या वकिलाचं वकीलपत्र असताना त्याच्या संमतीशिवाय हजर व्हायचं नाही. यालाच आपण एनओसी म्हणतो, आणि बऱ्याच जणांना वाटतं की एनओसी नाही म्हणजे विषय संपला. तसं नाहीये, त्याच नियमात पुढे आहे की संमती मिळत नसेल तर का मिळत नाही ते सांगून कोर्टाकडे अर्ज करायचा आणि परवानगी घेऊन हजर व्हायचं. कागदांसाठी नकल विभागात अर्ज, कोर्टाच्या रेकॉर्डवर आहे ते सगळं मिळतं. सातबारा, फेरफार, नोंदणी झालेलं खरेदीखत, यांच्या नकला पण परत काढता येतात. खरी पंचाईत होते ती जे कागद अजून कोर्टात दाखलच झालेले नाहीत आणि ज्यांची दुसरी प्रत जगात नाही त्यांची, जुनी इसारपावती, हाताने लिहिलेलं घरगुती वाटणीपत्र, भावाने पाठवलेलं पत्र. म्हणून मी अशिलाला पहिल्याच दिवशी सांगतो की ओरिजिनल स्वतःकडे ठेवा, मला झेरॉक्स द्या, पुराव्याच्या दिवशी घेऊन या.

हे सगळं मी स्वतः शिकलो ते एका आजोबांच्या केसमध्ये. इसारपावतीवर उभा असलेला दावा, आणि ती ओरिजिनल पावती आधीच्या सरांच्या फाईलमध्ये. सर म्हणजे आमच्या कोर्टातले जुने, मी त्यांना वाकून नमस्कार करणारा. फोन केला तर म्हणाले, "अरे आठ हजार बाकी आहेत त्यांचे. तू पण वकील आहेस ना, उद्या तुझे बुडले की कळेल." आजोबा म्हणत होते सहाच आहेत. मी दोन तारखा नुसता घोळ घातला, सरांना वाईट वाटेल म्हणून. तिसऱ्या तारखेच्या आधी नियम ३९ चा अर्ज टाईप केला, आणि दाखल करण्याआधी सक्सेना केसची झेरॉक्स घेऊन सरांच्या टेबलापाशी गेलो, म्हटलं सर, एकदा वाचा, मग मी काय करायचं ते तुम्हीच सांगा. त्यांनी वाचलं की नाही माहीत नाही, चष्मा वर करून माझ्याकडे बराच वेळ बघितलं फक्त. संध्याकाळी त्यांचा कारकून फाईल घेऊन आला, पावती आत होती, मी कागदांची यादी करून पोच दिली.

आजोबांनी नंतर तीन हजार नेऊन दिले. बाकीच्यांचा हिशोब अजून मिटलेला नाही, सहा म्हणायचे की आठ यावर दोघं अडून आहेत, आणि सर बाररूममध्ये भेटले की आजही विचारतात, "काय रे, तुझे ते आजोबा माझे कधी देणार?"